अर्धा इंची जाळीचं खुराडं : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

हे खुराडं आमच्या परड्यात बसवलं त्याला दोन पावसाळे झाले, म्हणून आता लिहिते. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. कोकणात लोखंडाच्या वस्तूबद्दल एक तरी पाऊस जाऊ दिल्याशिवाय मत देऊ नये.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट, आतली उंची ४ फूट, आणि हे सगळं २ फुटी पायांवर उचललेलं. सांगाडा १ इंची चौकोनी पाइपचा. चारी बाजूंना अर्धा इंची भोकांची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी), जस्ताचा थर दिलेली, तार १८ गेजची. वर पत्रा, चहूबाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलेला. आत बसायला तीन दांड्या. तालुक्याच्या ठिकाणी ग्रिल आणि शटरची कामं करणाऱ्या एका वेल्डरकडून करून घेतलं. टेम्पोचं भाडं आणि पायांखालचं सिमेंट धरून १८,४०० रुपये पडले. वीस-बावीस कोंबड्या रात्री त्यात सुखाने बसतात.

आमचं घर राजापूर तालुक्यात, वाडीच्या अगदी वरच्या अंगाला. मागे काजूची कलमं, त्याच्यावर करवंदीच्या जाळ्या, आणि तिथून सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सुरू. म्हणजे आमच्या कोंबड्या आणि रान यांच्यामध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा एक बुटका गडगा (बांध) आहे, एवढंच. मी डोंबिवलीहून सासरी कायमची राहायला आले तेव्हा सासूबाईंच्या सात गावरान कोंबड्या होत्या. त्या मी चौदा केल्या. शिवाय अंड्यांसाठी गिरिराज या सुधारित जातीच्या आठ आणल्या. सकाळी सोडायच्या, दिवसभर त्यांनी काजूखालचा पाचोळा उकरायचा, वाळवी खायची, दुपारी गोठ्यात सावलीला बसायचं, आणि तिन्हीसांजेला आपल्या पायांनी घरी यायचं. कोंबडी अशीच वाढवायची, असं माझं आजही ठाम मत आहे. अंड्याचा बलक बघितला की कळतं.

पण मोकळ्या कोंबडीवर सगळ्यांचाच डोळा असतो.

आमच्याकडचे सगळे सांगायचे तर यादी लांब होईल. दिवसा मुंगूस, घार, शिक्रा, आणि कावळा. कावळा मोठ्या कोंबडीच्या वाटेला जात नाही, पण चार दिवसांचं पिल्लू उचलतो. वाडीतली सुटी कुत्री कधीही. रात्री रानमांजर, उदमांजर, कोल्हा. अंड्यांवर घोरपड आणि नाग. दोन वर्षांपूर्वी बिबट्याही खालच्या वाडीपर्यंत येऊन गेला होता, पण त्याने कुत्रं नेलं, कोंबड्यांकडे बघितलंही नाही. खरं नुकसान या लहानसहान प्राण्यांकडूनच होतं.

या खुराड्याआधी मी एक तयार खुराडं ऑनलाइन मागवलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटोत फार सुरेख दिसत होतं : लाकडी चौकट, उतरतं छप्पर, हिरवा रंग, पुढे षटकोनी जाळी. ९,५०० रुपये. पेटीतून निघालं ते प्लायवूड. जाळी यू पिना मारून बसवलेली. दाराला फिरवायची लाकडी पट्टी. मला ते तेव्हा पुरेसं वाटलं, कारण कोंबड्या आत गेल्या, बाहेर येईनात, आणि माझ्या मते काम झालं होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदाच जाळीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “अगो, ह्यातून माझी तीन बोटं जातात. मग जनावराचा पंजा जायला किती वेळ?” मी ऐकलं नाही.

२०२२ चा श्रावण. रात्रभर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. पहाटे कोंबडा आरवला नाही म्हणून जाग आली. बॅटरी घेऊन गेले. चार मेलेल्या, एक नाहीशी, कोंबडा दांडीच्या टोकाला अंग चोरून उभा. मेलेल्या चारांतल्या दोन जाळीला चिकटून पडल्या होत्या आणि त्यांना मुंडकी नव्हती. अंग जसंच्या तसं. बाहेरून पंजा घालून मान ओढली होती. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, ती जागच्या जागी बसून राहते, आणि ज्या बाजूला ओरड होते तिच्या उलट दिशेला सरकत सरकत दुसऱ्या जाळीला जाऊन टेकते. तिकडेही तोच पंजा. ते जनावर दोन बाजूंनी आळीपाळीने गेलं असणार.

मग खालच्या कोपऱ्यात बघितलं. पावसाने प्लायवूड फुगलं होतं, पिना बोटाने निघत होत्या, आणि जाळी कोपऱ्यापासून वीतभर उघडली होती. तार तुटलेली नव्हती. नुसते पीळ सुटले होते, जुन्या पोत्याचे धागे सुटतात तसे. मी दोन्ही हातांनी धरून ओढली तर आणखी वीतभर उघडली. माझ्या हातात एवढं बळ नाही. ती तारच तशी होती. नंतर गेजचं गणित कळलं. आकडा मोठा तितकी तार बारीक. ती २४ गेजची होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. आताची १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. शिवाय वेल्डमेशमध्ये तारा जिथे जिथे भेटतात तिथे वेल्डिंगचा टाका असतो, म्हणून एक तार कापली तरी शेजारची जागा सोडत नाही. षटकोनी जाळी नुसती पिळलेली असते. एक पीळ सुटला की शेजारचे ढिले होत जातात.

खुराड्याभोवती चिखलात पावलं उमटली होती. गोल, लिंबाएवढी, आणि पुढे नखांची खूण नाही. मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्रा, कोल्हा आणि मुंगूस यांची नखं उमटतात. गावातलं मांजर असतं तर पाऊल याहून लहान असतं. रानमांजर होतं. हे मला त्या दिवशी आईंनी शिकवलं, माझ्या खांद्याला धरून वाकून, डोळ्यांत पाणी असताना. गेलेल्यांत त्यांची चितकबरी होती. तीन वर्षं ती अंड्यांवर खुडूक बसायची, आणि दर खेपेला दहा-अकरा पिल्लं काढायची.

त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत आम्ही कोंबड्या जुन्या पद्धतीने ठेवल्या. कोंबड्या गोठ्याच्या आतल्या खोपीत, पिल्लं झापाखाली, झापावर चिरा. झाप म्हणजे बांबूची मोठी टोपली. ती अजूनही आमच्याकडे आहे, आणि पहिल्या दीड महिन्यात पिल्लांना तिच्याइतकं चांगलं काही नाही. पण वीस कोंबड्यांना झाप पुरत नाहीत आणि गोठ्याची कुडाची भिंत घुशी पोखरतात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत माझ्या वहीत एकूण तेरा कोंबड्यांची नोंद आहे. त्यातल्या नऊ रात्री गेल्या. वही नसती तर मी सगळा दोष घारीला दिला असता, कारण घार दिसते. रात्री काय येतं ते दिसत नाही. त्या नऊच्या आकड्याने माझा विचार बदलला. पैसे खर्च करायचे तर आधी रात्रीच्या घरावर करायचे.

वेल्डरकडे गेले तेव्हा त्याने आधी १ इंची जाळी दाखवली. “वहिनी, ही घ्या. तार जाड आहे, स्वस्त पडेल, आणि हवा खेळेल.” त्याचं चूक नव्हतं. १ इंची भोकातून मोठं मुंगूस जात नाही, रानमांजर तर नाहीच. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन बिनमुंडक्याच्या कोंबड्या होत्या. १ इंची भोकातून पंजाची बोटं आत येतात. उंदीर येतो. उंदरामागून साप येतो. अर्धा इंचातून मोठा उंदीर येत नाही, अंडं गिळण्याएवढा नाग येत नाही, आणि पंजाचं एखादं नख फार तर अडकेल. मी दुकानातच दोन्ही जाळ्यांच्या तुकड्यांवर बोटं लावून त्याला दाखवलं. मग त्यानेच एक मोलाची गोष्ट सुचवली. जाळी सांगाड्याच्या आतून न लावता बाहेरून लावायची आणि कडेला लोखंडी पट्टीने दाबून टाके द्यायचे. जनावर बाहेरून ढकलतं. जाळी बाहेर असेल तर ढकलल्यावर ती पाइपवर आणखी घट्ट बसते, टाके सुटत नाहीत. कोंबड्यांचं काम त्याने पहिल्यांदाच केलं, पण खिडक्यांच्या ग्रिलने त्याला चोराच्या बाजूने विचार करायला शिकवलं असणार.

दाराची कडी हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी भांडून काम करून घेतलं. साधी सरकती कडी हलवत राहिलं की हळूहळू सरकते. आमच्या दाराला कडी-कोयंडा आहे आणि कोयंड्यात गुरांच्या दाव्याला असतो तसा स्प्रिंगचा हूक. कुलूप लावत नाही, कारण पावसात चावी शोधत बसायला वेळ नसतो. दार आणि चौकटीमधली फट मोजून घेतली : कुठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. पहिल्यांदा खाली पाऊण इंच राहिली होती. त्याने न कुरकुरता पट्टी जोडून दिली.

आतल्या दांड्यांबद्दल दोन शब्द. एका कोंबडीला दांडीवर आठ ते दहा इंच जागा लागते. ६ फुटी तीन दांड्यांवर आमच्या वीस-बावीस बसतात. तिन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवा. आमच्या वेल्डरने आधी पायऱ्यांसारख्या चढत्या केल्या होत्या, दिसायला छान, पण कोंबड्यांना सगळ्यांना वरच्याच दांडीवर बसायचं असतं आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मारामारी. शिवाय दांड्या जाळीपासून निदान एक फूट आत हव्यात, म्हणजे बाहेरून कोणी हात घातला तरी मानेपर्यंत पोचणार नाही. पाइपच्या दांड्या आम्ही काढून टाकल्या आणि सागाच्या गोल फांद्या बसवल्या. पाइपवर पाय घसरतात आणि थंडीत लोखंड गारठतं.

आता दोष. खालची बैठकसुद्धा अर्धा इंची जाळीचीच केली, ही आमची चूक. विष्ठा खाली पडेल असं वाटलं होतं, पण ती भोकांत अडकून तिचा थर झाला, आणि जूनमध्ये दार उघडलं की डोळे चुरचुरायला लागले. त्या वासाने कोंबड्यांना सर्दी धरते. आता जाळीवर पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची फळी टाकली आहे, तिच्यावर भाताचं तूस आणि चुलीतली राख. दर आठ दिवसांनी ओढून काढायचं आणि माडाच्या आळ्यात टाकायचं. जाळी खाली तशीच राहू दिली आहे, कारण फळी एखाद दिवशी कुजली तरी घुशीला वर यायला वाट नको.

दुसरा दोष गंजाचा. जाळीला जस्त आहे, पण जिथे जिथे वेल्डिंग केलं तिथलं जस्त जळून जातं. पहिल्या पावसानंतर नेमक्या त्या ठिकाणांवर लाल ठिपके उठले, आणि मजबुती तिथेच हवी असते. समुद्र आमच्यापासून लांब नाही, खारं वारं येतं. वेल्डरने काम देताना वरून चंदेरी रंग मारून दिला होता. तो पुरत नाही. टाक्यांवर आधी तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा रंग द्यायला हवा होता, तो आम्ही नंतर दिला आणि दुसऱ्या पावसात ठिपके वाढले नाहीत. करून घेणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं. तारांची कापलेली टोकं आतल्या बाजूला राहिली होती, एका तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, पाय फाटला, मग ती टोकं कानसीने घासावी लागली. आणि हे खुराडं जड आहे. चार माणसांशिवाय हलत नाही. जागा बदलत राहायची असेल तर हे तुमच्या कामाचं नाही.

वहीतला हिशोब असा : नोव्हेंबर २०२२ पासून आजपर्यंत बंद दाराच्या आतून एकही कोंबडी गेलेली नाही. एकही नाही. एका रात्री दोन गेल्या, पण त्या रात्री आम्ही सगळे शेजारच्या वाडीत पूजेला गेलो होतो आणि दार लावायला साडेनऊ वाजले. दार उघडं असेल तर जाळी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. त्यानंतर घरात नियम झाला. आई पूर्वीपासून म्हणायच्या, “कोंबडी मोजायची नि मगच दिवा लावायचा.” आता मोजणं माझ्या मुलीकडे आहे. ती बोटाने मोजत नाही, नावांनी मोजते, आणि कोण कमी आहे ते तिला लगेच कळतं.

स्वयंचलित दारही वापरून बघितलं. उजेड कमी झाला की मोटर दार खाली सोडते. ४,२०० रुपये. हिवाळ्यात उत्तम चाललं. जुलैत एका दुपारी आभाळ इतकं भरून आलं की चार वाजताच दार बंद झालं आणि निम्म्या कोंबड्या बाहेर राहिल्या, भिजत, दारासमोर गोळा होऊन. ज्यांच्याकडे घड्याळावर चालणारं दार आहे त्यांना हा त्रास होणार नाही. उजेडावर चालणारं दार कोकणातल्या पावसाळ्यात घेऊ नका.

लाल डोळ्यांसारखे लुकलुकणारे सौर दिवे मिळतात, चार नगांचा जोड, तेही लावले. पहिले पंधरा दिवस चिखलात पावलं दिसली नाहीत. मग दिव्याच्या अगदी खाली दिसली.

झटका मशीनबद्दल जास्त लिहायला हवं, कारण त्याची जाहिरात फार होते आणि ते वाईट नाही. सौर पॅनेल, बॅटरी, आणि कुंपणाच्या तारांत सेकंद-दीड सेकंदाला एक विजेचा झटका सोडणारी पेटी. झटका जोराचा असतो पण क्षणभराचा, म्हणून जनावर मरत नाही, घाबरून मागे फिरतं. आम्ही परड्याला पाच तारा ओढल्या, सर्वांत खालची जमिनीपासून चार इंचांवर, कारण मुंगूस खालून येतं. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात त्याने सुरेख काम केलं. वाडीतल्या कुत्र्यांना एकदाच लागलं, पुन्हा फिरकली नाहीत. पण फेब्रुवारीनंतर सडा तापतो, जांभा कोरडा ठणठणीत होतो, आणि झटका लागायचा तर वीज जनावराच्या अंगातून जमिनीत आणि तिथून अर्थिंगच्या सळीपर्यंत परत यायला लागते. कोरड्या जांभ्यातून ती येत नाही. मी अर्थिंगच्या सळीपाशी रोज दोन बादल्या पाणी ओतत होते, तरी कुंपणापाशी उभ्या असलेल्या जनावराच्या पायाखालची जमीन कोरडीच. आणि पावसाळ्यात उलटं. आठ दिवसांत गवत खालच्या तारेला टेकतं, सगळा जोर गवतातून जमिनीत जिरतो. दर चार दिवसांनी कोयता घेऊन सबंध कुंपण साफ करणं मला जमलं नाही. म्हणजे उपयोग वर्षातले चारच महिने. देशावर काळ्या मातीत, जिथे ओल टिकते आणि गवत काढायला माणूस आहे, तिथे हे यंत्र बारमाही चालेल असं मला वाटतं. आमच्या सड्यावर नाही. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते : घरातली वीज सरळ तारेत सोडून कुंपण करू नका. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मरतात, रात्री परसाकडे उठलेली, गुरं शोधायला निघालेली.

दिवसासाठी खुराड्यापुढे १० बाय ८ फुटांचं जाळीबंद अंगण केलं आहे. खुडूक कोंबडी आणि तिची पिल्लं तिथे राहतात, बाकीच्या मोकळ्या. त्याच्या कडेला जाळी जमिनीत दीड फूट पुरायची, असं सगळे सांगतात, म्हणजे मुंगूस किंवा कुत्रा उकरून आत येणार नाही. आमच्याकडे सहा इंचांखाली कातळ लागतो. पहारीने ठिणग्या उडतात. मग जाळी खाली पुरण्याऐवजी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरली आणि तिच्यावर चिरे ठेवले. जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला बघतं, तिथे पायाखाली जाळी लागते. दोन फूट मागे सरून तिथून भुयार काढावं, हे त्याला सुचत नाही. पाऊस झाल्यावर गवत जाळीतून उगवलं आणि ती जमिनीला शिवल्यासारखी झाली. पुरायला जागा नसेल तर हेच करा. पुरायला जागा असेल तरीही हेच करा, कष्ट निम्मे होतात.

अंगणावर घारीसाठी मासेमारीचं जुनं जाळं घातलं आहे. साखरी नाट्याच्या बंदरात वापरातून गेलेली जाळी मिळतात, मला दोन मोठे तुकडे ६०० रुपयांत मिळाले. इतक्या स्वस्तात इतकं टिकाऊ काही नाही. उन्हाने लवकर विरत नाही, पाणी फारसं धरत नाही. पण मी ते आधी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलं होतं आणि एका सकाळी त्यात धामण अडकलेली सापडली. सात फूट तरी असेल. पुढे शिरायला गेली, खवल्यांत धागे रुतले, आणि मागे यायला धडपडली तितके आणखी रुतले. तोंड उघडून धापा टाकत होती. माझ्या नवऱ्याने पोतं टाकून तिचं डोकं धरलं आणि मी शिवणाच्या कात्रीने एकेक धागा कापला. काही ठिकाणी धागा कातडीत गेला होता, तिथे कात्रीचं टोक घालताना माझे हात थरथरत होते. अर्धा तास लागला. सोडली तेव्हा थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग गडग्यातल्या भोकात हळूहळू गेली. धामण वर्षाला किती उंदीर खाते! तिच्या जिवावर उठण्याचं माझ्या मनातही नव्हतं. आता जाळं फक्त वर आहे, ताणून बांधलेलं, आणि बाजूंना साडेतीन फुटांपर्यंत वेल्डमेश. नायलॉनचं जाळं जमिनीला टेकू देऊ नका.

मोकळ्या कोंबड्यांना दिवसा मी काय संरक्षण देणार? पूर्ण देता येत नाही, आणि ते मान्य करूनच मी त्यांना सोडते. दोन वर्षांत दिवसाच्या पाच गेल्या. दोन मुंगसाने, तीन पिल्लं घारीने. पण आडोसा वाढवला तशी घारीची नोंद थांबली. परड्यात मधोमध मोकळी जागा फार होती. तिथे जास्वंदीच्या चार रांगा लावल्या आणि करवंदीची एक जाळी मुद्दाम तोडली नाही. कोंबड्यांची भाषा ऐकत राहिलं की कळतं. घार दिसली की कोंबडा एक लांब, बारीक, ओढलेला आवाज काढतो आणि सगळ्या क्षणात करवंदीखाली, हालचाल बंद. मुंगूस किंवा कुत्रं दिसलं की आवाज वेगळा, तुटक, मोठा, न थांबणारा, आणि कोंबड्या माना वर करून उंचावर चढतात. हा दुसरा आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावते. पहिला आला तर धावून उपयोग नसतो. गावरान कोंबड्या या बाबतीत पटाईत. गिरिराज वजनाने भारी, झाडावर उडत नाहीत, आणि पळतानाही मागे पडतात. आठांतल्या पाच पहिल्याच वर्षी गेल्या. अंडी जास्त देतात हे खरं, पण रानाच्या कडेला मी पुन्हा आणणार नाही.

एक शेजारी, चांगला माणूस, त्याने मला अंड्यात औषध घालून ठेवायला सुचवलं. दुसऱ्याने फासकी लावून देतो म्हणून सांगितलं. मी दोघांनाही नाही म्हटलं. मुंगूस, रानमांजर, घोरपड, उदमांजर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मारणं गुन्हा आहे. शिवाय विषाचं अंडं मुंगूसच खाईल असं कोण सांगतं, आमचा कुत्रा खाईल, कोणाचं तरी पोर हात लावेल. आणि रानमांजर गेलं तर घुशी वाढतील, त्या माझ्याच भाताच्या कणग्या फोडतील. त्या रात्री रानमांजराने चार कोंबड्या मारल्या, त्याचं दुःख मला अजून आहे. पण ते आपल्या पोटासाठी आलं होतं आणि मी प्लायवूडच्या खोक्याला घर समजले होते.

घोरपडीचं मात्र अजून जमलेलं नाही. ती दिवसा येते, कोंबड्या मोकळ्या असताना, आणि गोठ्यातल्या टोपलीतली अंडी नेते. कोंबड्यांना खुराड्यातच अंडी घालायची सवय लावायचा प्रयत्न चालू आहे. आत तीन खोकी ठेवली आहेत, त्यात खडूची खोटी अंडी. निम्म्या ऐकतात.

पाचपैकी किती द्यायचे असतील तर खुराड्याला साडेचार. अर्धा गंजासाठी कापला. ऑनलाइनवाल्याला मी एकही देणार नाही. त्याची चौकट आता अळूच्या वाफ्याला आडोसा म्हणून उभी आहे, जाळी काढून टाकली.

त्याच वेल्डरला दुसरं खुराडं सांगून आलेय, नणंदेसाठी. ५ बाय ३ फूट, पाय अडीच फुटी, कारण तिच्याकडे अंगणात पाणी तुंबतं. बैठक फळीची. टाक्यांवर जस्ताचा रंग दोन हात, आणि मी बघायला आल्याशिवाय वरचा रंग मारायचा नाही. त्याने वहीत लिहून घेतलं, आणि आपणहून खाली लिहिलं : “फट अर्धा इंच, जास्त नको.”